माइक कोणापुढे धरला?

ढिगाऱ्यापाशी सुन्न बसलेल्या स्त्रीला वार्ताहर विचारतो, ‘आता तुम्हाला कसे वाटते?’ या प्रश्नाला उत्तर नसते आणि विचारणाऱ्यालाही ते नको असते; त्याला अश्रू हवे असतात. या प्रश्नाच्या असभ्यतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला अधिक गंभीर वाटतो तो त्यामागचा पक्षपात. कोणाला विचारायचे, कोणत्या भाषेत विचारायचे आणि उत्तरातले किती ठेवायचे, हे ठरते तेथेच बातमीचा कलही ठरून जातो.

25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात 7.8 तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे 9 हजार माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय वाहिन्यांचे वार्ताहर तातडीने काठमांडूत पोहोचले; आणि पुरते दहा दिवसही उलटले नाहीत तोच ‘भारतीय माध्यमांनो, परत जा’ अशा अर्थाची घोषणा नेपाळी लोकांनी ट्विटरवर लावून धरली. त्या दिवशी, 3 मे रोजी, जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन होता! या घोषणेला कृतघ्नपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. भारताने मदत केली होतीच, आणि ती मोलाची होती. नेपाळी माणसाचा रोष मदतीवर नव्हता, ती दाखवण्याच्या रीतीवर होता. पडद्यावरच्या भूकंपात ढिगाऱ्याखालच्या माणसापेक्षा मदतीचे हेलिकॉप्टर मोठे झाले होते. वाचलेल्या माणसाकडे मग एकच काम उरते, आभार मानण्याचे.

त्यात भाषेचा प्रश्न. सर्वाधिक मृत्यू झाले ते सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. तेथे तामांग समाजाची वस्ती मोठी. त्यांची स्वतःची भाषा तामांग, नेपाळी ही दुसरी, आणि हिंदी येत असलीच तर तिसरी. घाईतला वार्ताहर हिंदी बोलणारा माणूस शोधणार. तो सापडतो शहरात किंवा सडकेलगत: दुकानदार, वाटाड्या, नाहीतर दिल्ली-मुंबईस नोकरी करून आलेला एखादा पुरुष. डोंगरावरची म्हातारी पडद्यावर रडताना दिसते, बोलताना दिसत नाही. तिच्या चेहऱ्यावर निवेदन दुसऱ्याचेच चालू असते. हे कोणी दुष्टबुद्धीने करतो, असे आमचे म्हणणे नाही. मोटार जेथे थांबते तेथेच कॅमेराही थांबतो, इतकेच. पण मदतही बहुधा कॅमेऱ्याच्या वाटेनेच जाते, आणि ज्याचा आवाज ऐकू आला नाही त्याचा ताडपत्रीचा तुकडाही मागे राहतो.

भाषेची अडचण नसते तेथे तरी चित्र फारसे वेगळे असते काय? आपल्या किल्लारीचेच घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तो परिसर उद्ध्वस्त झाला. पण 1992 सालीही किल्लारीला धक्के बसले होते. म्हणजे गावकऱ्यांपाशी केवळ दुःख नव्हते, माहितीही होती. आदल्या वर्षी काय जाणवले, त्यावर कोण काय म्हणाले, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे असलेली घरे कशी कोसळली, कोणते घर तगले आणि का, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकले असते? अशा माणसाला ‘घरातले किती गेले?’ एवढेच विचारून पुढे जाणारी मुलाखत त्याला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून दयेच्या पंगतीत बसवते. कारणांची मीमांसा मग मंत्री आणि तज्ज्ञ स्टुडिओत बसून करतात. आपद्ग्रस्ताने रडावे आणि इतरांनी विचार करावा, ही वाटणी आम्हांला त्या ‘कसे वाटते?’पेक्षाही अधिक अपमानकारक वाटते.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत वैयक्तिक शोकाच्या क्षणी छायाचित्रणाद्वारे घुसखोरी टाळावी असे म्हटले आहे. मात्र अपघात वा नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांची छायाचित्रे व्यापक जनहिताची असू शकतात, अशी सवडही लगेच ठेवली आहे. ती सवड आम्हांला मान्य आहे. चित्र पाहिल्यावाचून मदतीचे हात पुढे येत नाहीत. पण ते कलम बोलते चित्राविषयी. संपादनाच्या टेबलावर कापल्या गेलेल्या उत्तराविषयी त्यात अक्षरही नाही.