स्वयंपूर्ण खेडे : गांधी-आंबेडकर विचारांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
ग्रामविकासाच्या चर्चेत 'स्वयंपूर्ण खेडे' ही संकल्पना बहुधा उत्पादनाच्या अंगाने मांडली जाते. गावाला लागणारे धान्य, कापड व अवजारे गावातच निर्माण झाली की गाव स्वयंपूर्ण झाले, असे गृहीत धरले जाते. ही निर्मिती कोण, कोणत्या अटींवर करतो आणि तिच्याविषयीचा निर्णय कोणाच्या हाती असतो, हे प्रश्न मात्र मागे पडतात. वस्तुतः या संकल्पनेचे तात्त्विक मूल्य याच प्रश्नांवर ठरते.

विवेचन :
चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये भारतीय खेड्यांचे वर्णन छोटी प्रजासत्ताके असे केले. महाराष्ट्रातील अशा खेड्याचा व्यवहार बलुतेपद्धतीवर चाले. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात तिचे तपशील आढळतात. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार यांची कामे जन्माने ठरलेली असत व मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळे. म्हणजेच गावाची स्वयंपूर्णता व्यक्तीच्या व्यवसायस्वातंत्र्याच्या अभावावर उभी होती.

महात्मा गांधींचे ग्रामस्वराज्य या जुन्या खेड्याचे पुनरुज्जीवन नव्हे. २६ जुलै १९४२ च्या 'हरिजन'मधील लेखात त्यांनी मूलभूत गरजांपुरते स्वावलंबन आणि अन्य बाबतींत परस्परावलंबन अपेक्षिले. अस्पृश्यतेची उतरंड असलेल्या जातींना त्या गावात स्थान नव्हते. प्रौढ स्त्री-पुरुषांनी दरवर्षी निवडलेल्या पाच जणांच्या पंचायतीकडे त्यांनी कायदा, न्याय व अंमलबजावणी या तिन्ही सत्ता सोपविल्या. येथेच या मांडणीची खरी अडचण उद्भवते. पंचायतच अन्याय करू लागली, तर एकट्या पडलेल्या व्यक्तीने दाद कोठे मागावी? अहिंसेच्या नैतिक बळावरील विश्वास हे त्याचे पुरेसे उत्तर ठरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मेटकाफच्या वर्णनाचा समाचार घेतला आणि मसुद्यात खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. पुढे कलम ४० द्वारे ग्रामपंचायतींना राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थान मिळाले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनात्मक आधार देताना अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांसाठी जागाही राखून ठेवल्या. ग्रामसत्ता आणि व्यक्तीचे संरक्षण यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होय.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये तिला सामूहिक वनहक्क मिळाले व २०११ पासून ती स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. हा बांबू बाहेरच्या बाजारात जातो आणि हा अधिकार संसदेच्या २००६ च्या वनहक्क कायद्यातून आलेला आहे. स्वशासन येथे बाह्य जगाशी फारकत घेऊन साधलेले नाही. तथापि बहुजातीय, जमीनधारणेत विषम अशा गावात सर्वसहमती म्हणजे दुर्बलांचे मौन ठरण्याचा धोका संभवतो. त्यामुळे या उदाहरणाचे सरसकट अनुकरण सुचविता येत नाही.

निष्कर्ष :
स्वयंपूर्णतेची कसोटी गावात काय पिकते एवढीच असू शकत नाही. गावातील भूमिहीन, स्त्री व दलित यांना निर्णयात भाग आहे काय आणि गावाच्या निर्णयाविरुद्ध गावाबाहेर दाद मागण्याची वाट त्यांना खुली आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे. गांधींचे ग्रामस्वराज्य आंबेडकरांच्या आक्षेपाला सामोरे गेल्यावरच ग्रामविकासाचे तत्त्वज्ञान म्हणून टिकू शकते.