नामदेवांचा अभंग आणि ध्वनिमुद्रणाचा वाद

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. विठ्ठलालाच तीर्थ आणि क्षेत्र म्हणणारा त्यांचा अभंग राम फाटक यांनी स्वरबद्ध केला आणि पं. भीमसेन जोशी यांच्या कंठातून तो घरोघरी पोहोचला. ध्वनिमुद्रिका, कॅसेट, सीडी आणि आता मोबाईल, अशा चारही वाटांनी मराठी माणसाने तो ऐकला आहे. जुनी तबकडी सरस की नवे आकडी ध्वनिमुद्रण, या वादाची परीक्षा म्हणूनच या अभंगावर करून पाहावी.

तबकडीच्या खाचेत स्वराची लहर तिच्या वळणांसह कोरलेली असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत तीच लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत मांडलेली असते. दोन मोजमापांच्या मधल्या फटीत स्वर गळून पडतो, असा समज रसिकांत रूढ आहे. तो निराधार आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, आणि तेवढा या आकड्यांतून पुन्हा अखंड उभा राहतो. उलट, सुई तबकडीच्या मध्याकडे सरकते तसतसा खाचेचा वेढा आखूड होतो आणि वरचे सूक्ष्म नाद पुसट होतात. ज्याला आपण जुन्या गाण्याची 'ऊब' म्हणतो, तिच्यात या दोषांचाही वाटा आहे. ती गोड लागते, हे मात्र मी नाकारणार नाही.

मग सीडी जिंकली काय? इतके सोपे नाही. जुन्या मुद्रणाची खरखर काढून टाकण्याच्या उत्साहात पुष्कळदा तानपुऱ्याची झणकारही पुसली जाते, कारण तीही खरखरीसारखीच अखंड वाहणारी असते. गायकाचा श्वास नाहीसा होतो. पुढे सारा आवाज एकाच उंचीवर चढवला की भीमसेनांचा मंद्रातला हुंकार आणि तारसप्तकातली हाक यांत अंतरच उरत नाही. हा अपराध आकड्यांचा नव्हे, ते हाताळणाऱ्या कानांचा आहे.

जत्रेतल्या कर्ण्याची गोष्ट तर वेगळीच! कर्णा खर्ज आणि वरचे नाद दोन्ही गिळतो. त्यातून तबकडी लावा की सीडी, भेद कळायचा नाही.

आणि स्वतः भीमसेनांचे काय? लहानपणी त्यांनी ग्रामोफोनवर अब्दुल करीम खाँ यांची ठुमरी ऐकली आणि गुरूच्या शोधात गदगचे घर सोडले. ती होती लाखेची, जेमतेम तीन मिनिटांची, खरखरणारी तबकडी.

घरी कोणती प्रत ठेवावी, असे कुणी विचारल्यास मी सांगेन: दोन कडव्यांमधल्या जागेवर कान द्या. तिथे तानपुरा ऐकू येत असेल, तर ती प्रत घ्या.