पोकळ स्तूप

दीक्षाभूमीचा स्तूप म्हणजे सांचीची मोठी नक्कल, असं आर्किटेक्चर शिकलेले माझे मित्र सहज बोलून जातात. नागपूरकरांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पाहुण्याला शहर दाखवताना आपणच म्हणतो, ‘अगदी सांचीसारखा आहे बघा.’ मला हे वाक्य आळशी वाटतं. बाहेरून पाहिलं तर ते खरं आहे, पण दारातून आत गेलात की खोटं पडतं.

सांचीत आत जाताच येत नाही. तिथला मोठा स्तूप भरीव आहे. अशोकाच्या काळातला विटांचा गाभा आणि त्याच्यावर पुढच्या शतकात चढवलेलं दगडी कवच. स्तूप मुळात अवशेषांवर रचलेला ढिगारा. भक्ताने त्याच्याभोवती फिरायचं, आत त्याचं काही काम नाही. आपल्याकडे कार्ल्याच्या लेण्यात माणसांसाठी भलंमोठं चैत्यगृह कोरलं, तरी त्याच्या टोकाला असलेला स्तूप भरीवच राहिला. म्हणजे दालन माणसांचं आणि स्तूप अवशेषांचा, अशी वाटणी होती.

दीक्षाभूमीने ही वाटणी मोडली. इथे दालनच स्तूपाच्या पोटात आहे. वास्तुविशारद शिवदान मल यांनी घुमट पोकळ ठेवला, चार दिशांना दारं दिली. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, बुद्धमूर्ती आहे, आणि त्यांच्यासमोर तुम्ही आम्ही उभे राहू शकतो. सांचीच्या स्तूपाचा व्यास १२० फुटांच्या आसपास आणि उंची सुमारे ५४ फूट. दीक्षाभूमीचा व्यासही १२० फूटच सांगतात, पण उंचीही तेवढीच. आत माणसं घ्यायची तर उंची लागणारच. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच ठेवला, इम्प्लिमेंटेशन पूर्ण बदललं.

हा बदल फक्त सोयीसाठी झाला असेल का? असेलही. मोठी इमारत बांधायची तर ती वापरातही यायला हवी, इतका साधा विचार त्यामागे असू शकतो. पण इमारतीचा अर्थ तिच्या आराखड्यापाशी संपत नाही, तिच्यात कोण शिरतं यावरही तो ठरतो. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो आत जाता यावं म्हणून. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने दीक्षा झाली ती उघड्या मैदानावर. तिथे ना दार होतं ना उंबरठा. अशा माणसांसाठी बांधायच्या इमारतीत गर्भगृह ठेवणं विचित्रच झालं असतं. भरीव स्तूपही, मला वाटतं, थोडा विचित्रच झाला असता. पुन्हा बाहेरूनच फिरायचं?

जुना आकार पुन्हा उभारताना काय बदललं, हे पाहायला मॉस्कोचं उदाहरण उपयोगी आहे. तिथलं ख्राईस्ट द सेव्हियर कॅथेड्रल १९३१ मध्ये सोव्हिएत सरकारने सुरुंग लावून पाडलं, पुढे त्या जागी उघडा पोहण्याचा तलाव झाला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सोनेरी घुमटांसकट ते पुन्हा बांधलं आणि २००० मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. जणू मधली सत्तर वर्षं झालीच नाहीत, असं भासवणारं ते बांधकाम आहे. आपला स्तूप त्याच्या वर्षभर पुढचा. काम १९७८ मध्ये सुरू झालं, १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. इथेही दूरचा भूतकाळ परत आणलाय, पण मधल्या शतकांत काय झालं ते पुसलेलं नाही. ते त्या पोकळीतच आहे.

पण कमानींबद्दल माझी तक्रार आहे. त्यांच्यावर अशोकचक्रं, हत्ती, घोडे, सिंह आहेत. दिसायला छान, पण ही शिल्पं सांची-सारनाथची आठवण देतात, १९५६ ची नाही. सांचीची तोरणं मात्र त्यांच्या काळाशी फार प्रामाणिक आहेत. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचा लेख आहे, विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचाही आहे. म्हणजे आपल्या सातवाहनांपासून साध्या कारागिरांपर्यंत सगळे तिथे नावानिशी हजर. बुद्ध कुठे मानवी रूपात नाही, त्याच्या जागी पाऊलखुणा, झाड, रिकामं आसन. (नकलेचं म्हणाल तर तीही सांचीत आहेच. तिथल्या दगडी कठड्याचे सांधे चक्क लाकूडकामासारखे आहेत.) त्यामुळे सांचीकडून उचलायचंच होतं तर प्राणी कशाला, ही सवय उचलायची. पांढऱ्या कपड्यांतली गर्दी, महाडचं तळं, बावीस प्रतिज्ञा म्हणणारे लोक, हे कमानीवर आलं असतं तर स्तूप बाहेरूनही आपल्या काळाचा दिसला असता.

आणखी एक गोष्ट घुमटाच्या फोटोंत येत नाही. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीच्या आवारातल्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक एकत्र आले. बांधकामाची तोडफोड झाली, आणि सरकारने त्याच दिवशी कामाला स्थगिती दिली. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका आहे, हे कारण होतं. तोडफोडीवर हवं ते मत ठेवा, पण तिथे जमलेल्यांना वास्तुशास्त्र बरोबर कळलं होतं असं मला वाटतं. स्मारक घुमटाएवढंच नाही. दीक्षा मैदानावर झाली, आणि ठिकाणाच्या नावातही ‘भूमी’च आहे. तीच खणायची म्हटल्यावर लोक चिडणारच.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारी माणसं घुमटात मावत नाहीत. ती मैदानावर असतात, आजूबाजूच्या रस्त्यांवर असतात, पुस्तकांच्या स्टॉलपुढे असतात. विकासाचा पुढचा आराखडा होईल तेव्हा त्यात आधी सावली, पाणी आणि पुरेशी स्वच्छतागृहं असावीत, आणि मोकळी जागा आहे तेवढी तरी मोकळी राहावी.