फॉन थ्यूनेन यांचे कृषी स्थाननिश्चिती प्रतिमान आणि महाराष्ट्रातील भूमी उपयोजन : एक चिकित्सा

प्रस्तावना

कृषी भूगोलाच्या अभ्यासक्रमात योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन (१७८३-१८५०) यांच्या सिद्धान्ताला दीर्घकाळ मानाचे स्थान लाभले आहे. विद्यार्थी सहा वर्तुळे काढतो, गृहीतके पाठ करतो आणि ‘वाहतूक सुधारल्यामुळे हा सिद्धान्त आज लागू पडत नाही’ असे एक वाक्य लिहून टीकेचा भाग पूर्ण करतो. ही टीका चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. सिद्धान्ताची खरी मर्यादा वर्तुळे मोडण्यात नसून त्याने कोणते प्रश्न विचारलेच नाहीत, यात आहे. महाराष्ट्रातील भूमी उपयोजनाच्या आधारे या मर्यादेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सिद्धान्ताचे मोल

जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात स्वतःच्या जमिनीचे काटेकोर हिशेब ठेवून थ्यूनेन यांनी १८२६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकच मध्यवर्ती नगर, सर्वत्र सारखी सुपीकता, अंतराच्या प्रमाणात वाढणारा वाहतूक खर्च आणि नफा पाहणारा शेतकरी ही त्यांची गृहीतके. यातून नगरालगत भाजीपाला व दूध, त्यापलीकडे सरपणाचे वन, पुढे तीव्रता कमी होत जाणारी धान्यशेती आणि शेवटी पशुपालन असे पट्टे त्यांनी दाखविले. जलवाहतुकीस योग्य नदी अथवा दुय्यम नगर आल्यास पट्टे कसे बदलतील, हेही त्यांनीच मांडले होते. म्हणून गृहीतके अवास्तव असल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेणे फारसे न्याय्य नाही. अंतर ही किंमत आहे, हा त्यांचा मूळ विचार आजही टिकून आहे.

अंतर कोणापासूनचे?

तथापि महाराष्ट्रात अंतर मोजावयाचे ते कोठून, हा पहिला प्रश्न उपस्थित होतो. मुंबईसारख्या नगराचे दूध केवळ लगतच्या पट्ट्यातून आले नाही. १९४५ पासून आणंद परिसरातील दूध ४०० किलोमीटरांहून अधिक अंतरावरून रेल्वेने मुंबईस येऊ लागले. हा वाहतूक व प्रक्रिया यांचा परिणाम होता आणि पाठ्यपुस्तके त्याची दखल घेतात.

त्याहून महत्त्वाची बाब आपल्या भाषेतच दडलेली आहे. जिरायत, बागायत, मोटस्थळ, पाटस्थळ हे आपल्याकडील जमिनीचे परंपरागत वर्ग बाजारापासूनच्या अंतरावर आधारलेले नाहीत, ते पाण्याच्या उपलब्धतेवर आधारलेले आहेत. राज्यातील पिकाखालील क्षेत्रापैकी साधारण पाचवा हिस्साच सिंचित असताना शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक अंतर नगरापासूनचे नसून विहीर, पाट व धरण यांपासूनचे असते. शिवाय निर्णय घेणारा नेहमी एकटा नफेखोर मनुष्यच असतो, असेही नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरील फड पद्धतीत उपलब्ध पाणी पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे लाभधारक एकत्रितपणे ठरवीत आले आहेत.

ऊस : सिद्धान्ताची कसोटी

ऊस हे पीक प्रथमदर्शनी थ्यूनेन यांच्या बाजूने साक्ष देते. ऊस जड असतो, तोडणीनंतर लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते, म्हणून तो कारखान्याभोवती एकवटतो. येथे नगराची जागा कारखान्याने घेतलेली दिसते. मात्र हे केंद्र मुक्त बाजाराने निर्माण केलेले नाही. प्रवरानगरच्या सहकारी प्रयोगापासून, म्हणजे १९५० च्या सुमारापासून, कारखान्यांचा विस्तार सिंचन, सहकार आणि शासकीय परवाना यांच्या आधाराने झाला. दोन कारखान्यांतील किमान १५ किलोमीटर अंतराची अट २००६ च्या केंद्रीय दुरुस्तीने घातली. उसाचा रास्त व किफायतशीर दर २००९-१० पासून केंद्र शासन ठरवीत आले आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्चही पुष्कळ ठिकाणी सरासरीने वजा होत आल्याने जवळच्या शेतकऱ्याचा स्थानलाभ दूरच्या शेतकऱ्याकडे वळतो. थ्यूनेन ज्याला स्थानजन्य खंड म्हणतात, तो येथे धोरणाने घडविला अथवा पुसला जातो.

याचे परिणाम एप्रिल २०१६ मध्ये ठळकपणे दिसले. मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या खोऱ्यात ऊस व साखर कारखाने वाढले, त्याच खोऱ्यातील नगरास शेकडो किलोमीटरांवरून पिण्याचे पाणी आणावे लागावे, याचे स्पष्टीकरण वर्तुळांच्या आकृतीत सापडत नाही.

अन्नपुरवठ्याचा प्रश्न

थ्यूनेन यांचे नगर मालाची किंमत देऊ शकते, म्हणून त्यास अन्न मिळते. ज्याला किंमत परवडत नाही त्याचे काय, हा प्रश्न तेथे येतच नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये उपासमारीचा संबंध धान्याच्या एकूण साठ्यापेक्षा अन्न मिळविण्याच्या हक्काशी जोडला. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) या हक्कास वैधानिक आधार दिला. परंतु रेशनवर मुख्यत्वे गहू व तांदूळच आले. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापणारी ज्वारी आज त्याच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रावर उरली आहे. या घटीस अन्य पिकांचे आकर्षण, मजुरी, बदललेला आहार अशी अनेक कारणे आहेत. हमखास खरेदीचा अभाव हेही त्यांपैकी एक. तरीही सोलापूर, मंगळवेढा परिसरात रब्बी ज्वारी टिकून आहे, कारण तेथील शेतकरी दाण्याबरोबर कडब्याचाही विचार करतो. घरचे अन्न आणि दावणीचा चारा यांचा हिशेब केवळ बाजारभावात मांडता येत नाही.

समारोप

सारांश, थ्यूनेन यांचा सिद्धान्त टाकाऊ नाही. तो प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून शिकविला गेला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणाभोवती वर्तुळे आखून पिकांची टक्केवारी भरणाऱ्या लघुप्रबंधांनी पाणी, शासकीय दर, खरेदीची हमी आणि घरची गरज ही चार अंतरेही मोजावयास हवीत. अन्यथा आपला विद्यार्थी मेक्लेनबुर्गची आकृती अचूक काढील. परंतु स्वतःच्या शिवारातील ज्वारी का गेली आणि पाणी कोठे गेले, हे त्यास सांगता येणार नाही.