साडेचार तारे नेमके कशाला? जुन्या रेसलिंग मॅचचं परीक्षण आणि आपली मोजपट्टी

शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड खेळलायत का? तुम्ही नसाल तर तुमच्या मोठ्या भावाने नक्की खेळले असतील. उंची, वजन, छाती, दंड, रँक. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. ते आकडे कुणी मोजले, कधी मोजले, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. आकडा छापलाय म्हणजे खराच असणार.

रिसर्चला आल्यावर माझी ही सवय जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. माझ्या कामाचा एक भाग लोकप्रिय खेळ-करमणुकीच्या समीक्षेवर आहे आणि त्यात जुन्या प्रोफेशनल रेसलिंग मॅचेसना दिले जाणारे तारे येतात. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ते तारे सरळ टेबलमध्ये भरले होते. गाईडने शेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं: "हे तारे कशाचे?" त्या प्रश्नाने माझे दोन महिने घेतले. तुमचे वाचावेत म्हणून ही पोस्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी

कुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल माती येते, खासबागचं मैदान येतं. अमेरिकन प्रोफेशनल रेसलिंग ही वेगळी गोष्ट आहे. तिथे निकाल आधी ठरलेला असतो. तरीही पडणं खरं असतं, लागणंही बऱ्याचदा खरं असतं. सगळं खरंच चाललंय असं भासवत राहण्याच्या त्या धंद्यातल्या रिवाजाला 'केफेब' म्हणतात. आपल्याला फार दुखतंय हे प्रेक्षकाला पटवून देणं म्हणजे 'सेलिंग'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

"मग जे ठरवून केलंय त्याचं परीक्षण कसलं?" असं कुणी विचारलं तर घाबरू नका. नाटकाचा शेवटही ठरलेलाच असतो. रोलां बार्थ यांच्या १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकातला पहिलाच निबंध रेसलिंगवर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हा खेळ नसून देखावा आहे आणि तो फिक्स आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते.

ताऱ्यांची पद्धत गाजवली ती डेव्ह मेल्टझर या पत्रकाराने. ऐंशीच्या दशकापासून ते आपल्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्रात मॅचेसना तारे देत आलेत. आज जुनी मॅच चांगली की वाईट यावर वाद झाला की लोक आधी त्यांचे तारे काढतात.

एक रात्र, दोन मॅचेस

आपण एकच कार्यक्रम घेऊ. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पॉन्टिअॅक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३. त्या रात्रीच्या दोन मॅचेस आजही पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात.

पहिली, रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, इंटरकॉन्टिनेन्टल बेल्टसाठी. मेल्टझरचे साडेचार तारे.

दुसरी, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. मेल्टझरचे उणे चार तारे. हो, उणे.

म्हणजे त्याच रिंगमध्ये, त्याच प्रेक्षकांसमोर झालेल्या दोन मॅचेसमध्ये साडेआठ ताऱ्यांचं अंतर! आणि गंमत अशी, की स्टेडियम भरलं होतं ते मुख्यतः दुसऱ्या मॅचसाठी. इथेच माझी मोजपट्टी पहिल्यांदा डळमळली.

मी काय केलं

दोन्ही मॅचेस प्रत्येकी तीनदा पाहिल्या. एकदा नेहमीसारख्या. एकदा आवाज पूर्ण बंद करून. आणि एकदा फक्त ऐकल्या, स्क्रीनकडे पाठ करून. ही काही थोर पद्धत नाही, पण करून बघा. आपण कशावर भाळलो होतो ते लगेच उघडं पडतं.

सॅव्हेज-स्टीमबोट आवाज बंद करूनही टिकते. कारण गोष्ट शरीरांत आहे. १९८६ च्या शेवटी सॅव्हेजने रिंगची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा जायबंदी केला होता, ही मागची कथा. मॅचमध्ये सॅव्हेज पुन्हा पुन्हा गळ्याकडेच जातो. साधारण पंधरा मिनिटांत वेग क्वचितच उतरतो. पिन होतो, रेफरी दोन मोजतो, खांदा उचलला जातो, पुन्हा तेच. दोघांनी एकेक हालचाल आधी वहीत लिहून पाठ केली होती, असं स्टीमबोट यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय. ती तयारी दिसते. कधीकधी जरा जास्तच दिसते. आणि गळ्याचं सेलिंग मध्यावर कुठेतरी विसरलं जातं. ज्या माणसाचा गळा चेचलाय तो इतक्या लवकर इतका ताजातवाना? हा माझा पहिला आक्षेप.

शेवट मात्र मला आधी खटकला होता, आता आवडतो. रेफरी पडलेला असताना सॅव्हेज तीच घंटा आणतो. स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज 'द अॅनिमल' स्टील त्याला दोरांवरून ढकलतो. सॅव्हेज स्टीमबोटला उचलून आपटायला जातो आणि स्टीमबोट त्यालाच गुंडाळून पिन करतो. बाहेरच्याने लुडबूड केली म्हणून गुण कापणारे खूप आहेत. पण ज्या घंटेने वैर सुरू झालं तीच घंटा सॅव्हेजला नडली. कथेच्या हिशोबाने हे चोख आहे.

आता दुसरी मॅच. आवाज बंद करून होगन-आंद्रे बघणं खरंच अवघड आहे. बारा मिनिटांतला बराच वेळ बेअर हगमध्ये जातो, म्हणजे आंद्रे होगनला मिठीत धरून आवळतोय आणि दोघं जवळजवळ स्थिर उभे आहेत. आंद्रे तेव्हा चाळीस वर्षांचा होता. अॅक्रोमेगली या आजाराने शरीर पोखरलं होतं, पाठीचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पोशाखाखाली आधाराचा पट्टा होता. तो वेगाने हलू शकत नव्हता, बस्स. हालचालींच्या मोजपट्टीवर मॅच नापास होते.

मग पाठ करून ऐका. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो, पाठ मोडल्यासारखा खाली कोसळतो, आंद्रे त्याच्यावर, आणि रेफरी दोन मोजतो. तिथून गर्दीच्या पोटात भीती बसते. बेअर हगमध्ये आवाज खाली जातो, होगन सुटायला लागला की चढतो. आणि शेवटी तो आंद्रेला उचलून आपटतो तेव्हाचा गदारोळ ऐकायला स्क्रीनची गरज लागत नाही. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये मागच्या रांगेत बसलेल्याला गळ्यावर मारलेलं कोपर दिसत नाही. एक अवाढव्य माणूस हवेत उचलला गेला, हे दिसतं.

म्हणजे मेल्टझर चुकले का? माझं उत्तर: त्यांनी रिंगमधलं काम मोजलं आणि त्या मापाने ते फार चुकले नाहीत. पण उणे चार म्हणजे ही मॅच नसती तर बरं झालं असतं, असं म्हणणं झालं. हे मला पटत नाही. आजारी शरीराच्या मर्यादेत राहून, एकच क्षण बारा मिनिटं लांबवून, आख्ख्या स्टेडियमला त्याची वाट बघायला लावणं हेही कामच आहे. त्यात आंद्रेचा वाटा होगनपेक्षा मोठा आहे. पडायला तयार तो झाला.

साधनांची तपासणी

आता माझी एक चूक सांगते. ड्राफ्टच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं, "९३,१७३ प्रेक्षकांसमोर..." हा आकडा कंपनीने जाहीर केलेला. मेल्टझर यांनी अनेक वर्षं मांडलेला आकडा सुमारे ७८,००० आहे. कुणाचा बरोबर, याचा निवाडा तुम्हाला करता येत नसेल तर निदान 'जाहीर केलेला' हा शब्द लिहा. एका शब्दाने वाक्य प्रामाणिक होतं.

दुसरं उदाहरण. त्या काळात प्रेक्षकांना सांगितलं गेलं, की आंद्रे पंधरा वर्षं हरलेला नाही आणि त्याला कुणी उचलून आपटलेलं नाही. प्रत्यक्षात १९८६ मध्ये जपानमध्ये अँटोनियो इनोकीने त्याला हरवलं होतं. आणि खुद्द होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलून आपटलं होतं! म्हणजे 'पहिल्यांदाच' हा दावा खोटा. पण त्या रात्रीच्या प्रेक्षकासाठी तो खराच होता आणि सगळा परिणाम त्यावर उभा होता. समीक्षकाने दोन्ही लिहायचं: घडलं काय, आणि लोकांना काय घडतंय असं वाटत होतं.

कॉमेंट्रीचंही तसंच. गोरिला मॉन्सून आणि जेसी व्हेन्चुरा हे कंपनीच्याच पगारावर होते. त्यांचा थरार हा पुरावा नाही, तो मॅचचाच एक भाग आहे. क्रिकेटच्या कॉमेंट्रीबद्दलही आपण हे विसरतो.

मोजपट्टी स्वतःच ताणली जाते

तारे पाचपर्यंत असतात असं तुम्ही धरून चालाल. पण जानेवारी २०१७ मध्ये टोकियो डोमला झालेल्या काझुचिका ओकादा विरुद्ध केनी ओमेगा या मॅचला मेल्टझर यांनी सहा तारे दिले आणि जून २०१८ मधल्या त्याच दोघांच्या मॅचला सात. मग १९८७ चे साडेचार आजचे किती? उत्तर नाही. परीक्षेचे एकूण गुण बदलले तर जुन्या मार्कशीटशी तुलना कशी करणार? तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये वेगवेगळ्या दशकांतले आकडे एका रांगेत ठेवताना हे आठवा.

आणि यापेक्षा गंभीर गोष्ट. ३ जून १९९४, टोकियोचं निप्पॉन बुडोकान, मित्सुहारू मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा. पाच तारे, आणि मी पाहिलेल्या मॅचेसमधली सर्वोत्तम. जपानी कॉमेंट्रीचं अक्षरही कळत नाही, तरी पस्तीस मिनिटं हलता येत नाही. शेवट होतो तो मिसावाच्या 'टायगर ड्रायव्हर ९१' या डावाने, ज्यात समोरचा मानेवर आणि डोक्यावर आदळतो. मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमामध्ये मॅच चालू असतानाच पाठीमागे आपटला गेल्यावर मानेच्या दुखापतीने गेले.

एका मॅचमुळे किंवा कुणी दिलेल्या ताऱ्यांमुळे हे झालं, असं म्हणणं खोटं ठरेल. तसं मी म्हणत नाही. पण ती मॅच पुन्हा पाहताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या वहीतले पूर्ण गुण मानेवर आदळण्याच्या जागीच पडलेत. मी धोक्याला बक्षीस देत होते आणि त्याला 'दर्जा' म्हणत होते. आंद्रेच्या दुखऱ्या पाठीला उणे आणि मिसावा-कावादाच्या मानेला पाच. गाईडच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, आणि ते आवडलं नाही.

मग तारे द्यायचेच नाहीत का?

द्यायचे. न्याय टाळणारा समीक्षक काय कामाचा? पण ताऱ्याशेजारी एक वाक्य हवं. माझ्या नव्या टेबलमध्ये नोंदी अशा आहेत:

सॅव्हेज-स्टीमबोट: रिंगमधल्या कामाला सव्वाचार. पाव तारा गळ्याचं सेलिंग मध्येच सुटलं म्हणून कापला.

होगन-आंद्रे: रिंगमधल्या कामाला एक, समोरच्या गर्दीला जे मिळालं त्याला साडेचार. दोन्हींची सरासरी काढलेली नाही आणि काढूही नये.

मिसावा-कावादा: पाच. पण शेवटच्या डावाला वेगळे गुण दिलेले नाहीत. त्याआधीच्या पस्तीस मिनिटांनीच ते कमावले आहेत.

हॉस्टेलमधल्या दोन मैत्रिणींनाही, माझे गुण न दाखवता, सॅव्हेज-स्टीमबोट दाखवली. एकीने साडेचार दिले, दुसरीने तीन. तीनवालीचं म्हणणं, "तिसऱ्याने मदत केली, मग जिंकला कसला?" ती निकाल न्याय्य आहे का ते मोजत होती, मी कथा मोजत होते. मतभेद आवडीनिवडीचा नव्हताच, निकषाचा होता. निकष आधी लिहून दिला असता तर हे अंतर बरंच कमी झालं असतं.

तुमचा विषय सिनेमा असो, कविता असो की यूट्यूबवरची भाषणं, गुणांचा पहिला कॉलम भरण्याआधी एक काम करा. आधीच भरला असेल तर पाच नोंदी निवडा आणि प्रत्येकीसमोर 'हे गुण कशाचे' हे एका वाक्यात लिहा. ज्या नोंदीला वाक्य सुचणार नाही, तिथला आकडा खोडा आणि ती मॅच, तो सिनेमा, ती कविता पुन्हा बघा. मला सोळापैकी नऊ आकडे खोडावे लागले.