राज्य गेले, चावी राहिली

सिल्वासाहून खानवेलकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत दमणगंगेच्या काठी राखोली लागते. तेथे एका परिचितांच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेस जाण्याचा योग नुकताच आला. चौरंग मांडून झाला होता, केळीचे खांब बांधणे चालू होते, आणि समई काढावयाची राहिली होती. घरातील आजी माहेरच्या गोव्याच्या. त्यांनी नातीला हाक मारून विचारले, "गो बाय, कपाटाची चावी खंय आसा?" इकडे यजमानांचे चिरंजीव नव्याने आणलेल्या धुपाच्या खोक्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत होते: सात्त्विक सुगंध, सकारात्मक ऊर्जा, दिव्य अनुभूती. आमच्या शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी समाधानाने मान डोलावली. "पाहा, किती शुद्ध भाषा! नाही तर आमच्या घरांतून ही फिरंगी चावी अजून जात नाही."

पूजेच्या घरी वाद घालणे बरे नव्हे, म्हणून आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. परंतु त्यांच्या मताशी आमचा विरोध आहे, आणि तो येथे मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, यात संशय नाही. बादली, घमेले, पिंप आणि बिजागरी हेही तिकडचेच. महिनाअखेर ज्याची वाट पाहावयाची तो पगार आणि दारिद्र्यात ज्याला तोंड द्यावयाचे तो लिलावही त्यांचाच. हे शब्द कोणी सभा भरवून आणले नाहीत. वसई, चौल, गोवा या बंदरांत वस्तू उतरल्या, सुतारांनी आणि गवंड्यांनी त्या हाताळल्या, आणि वस्तूंच्या पाठोपाठ नावे घरोघर गेली. गोव्याच्या कोंकणीत तर खिडकीही जनेल झाली. पोर्तुगीज लोक आज 'चावी'च्या मूळ शब्दातील आद्याक्षर 'श'सारखे उच्चारतात; त्यांच्याच भाषेतला सोळाव्या शतकातील 'च' आमच्या स्वयंपाकघरात शाबूत आहे. मालकाने टाकून दिलेला उच्चार आम्ही कडोसरीला जपून ठेवला, अशातला हा प्रकार आहे.

या भूमीने तर पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष भोगली. मराठ्यांकडून नगरहवेली १७८३ साली त्यांच्या ताब्यात गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या मोहिमेतील स्वयंसेवकांत सुधीर फडके यांच्यासारखे गायक-संगीतकार होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. फिरंग्यांचा झेंडा उतरला, त्यांचे अधिकारी गेले; पण बादली फिरंगी म्हणून विहिरीत कोणी टाकली नाही. राज्य गेले, चावी राहिली. आणि राहिली ती आमची होऊन.

भाषाशुद्धीचा आम्ही उपहास करीत आहो, असा समज कोणी करून घेऊ नये. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तो फारसीच्या दडपणाखाली गेलेल्या कारभाराला स्वतःची वाणी मिळावी म्हणून. त्याच्या दहा वर्गांत एक भोग्यवर्गही आहे. म्हणजे नित्याच्या उपभोगाच्या वस्तूंकडेही त्या कोशकारांचे लक्ष होते. पुढे सावरकरांनी दिनांक, महापौर यांसारखे शब्द दिले आणि ते रुळले. ते का रुळले? दिनांक म्हटल्यावर पत्राच्या कोपऱ्यात नेमके काय लिहावयाचे ते कळते. महापौर म्हटल्यावर एक माणूस आणि त्याची खुर्ची डोळ्यांपुढे येते. शब्द नवा असला तरी त्याच्या मागे काहीतरी उभे असते.

आता त्या खोक्यावरील 'सकारात्मक ऊर्जा' घ्या. ऊर्जा हा पदार्थविज्ञानात मोजता येणारा शब्द. तिचे एकक ज्यूल. धुपाच्या कांडीत ती किती ज्यूल आहे, असे विचारले तर दुकानदार हसेल, आणि ते योग्यच होईल. वस्तुतः हा शब्दप्रयोग इंग्रजी जाहिरातींतून उचललेला असून त्याला वरून संस्कृतचे सोवळे नेसविले आहे. चावी परकी म्हणून आली, परकी म्हणून ओळखली गेली, आणि कुलपाचे काम करून घरची झाली. ही ऊर्जा घरची म्हणून आली आहे. तिच्याकडून कोणतेच काम होत नाही, आणि आमचे शुद्धिप्रेमी दाराशीच तिला ओवाळीत आहेत.

'सात्त्विक' शब्दाची गोष्ट याहून दुःखद आहे, कारण हा शब्द खरोखर आमचा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धा, आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. अठराव्यात त्याग, ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती आणि सुख यांचे. परतफेडीची अपेक्षा न धरता, देणे हे कर्तव्य मानून, योग्य स्थळी, योग्य काळी, सत्पात्री दिलेले दान ते सात्त्विक. म्हणजे सात्त्विकता विकत घेण्याची नाही, आचरण्याची आहे. ती खोक्यावर छापली की आचरणाची जबाबदारी छापणाऱ्यावर गेली, असे गिऱ्हाइकाला वाटू लागते. शब्दाचा असा वापर म्हणजे देवाच्या समईवर कपडे वाळत घालण्यासारखे आहे.

ही तक्रार केवळ कानाला खटकण्यापुरती असती तर आम्ही एवढा कागद खर्चिला नसता. आमच्या पाहण्यातील एका देवस्थानाची हकीकत सांगतो. ते कोठले, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील जुन्या नोंदवहीत प्रत्येक भांड्याचे नाव होते: घंगाळ, परात, पंचपात्री, ताम्हन, लामणदिवा. पुढे वजन आणि अर्पण करणाराचे नाव. काही वर्षांपूर्वी ती वही 'सुधारण्यात' आली. नव्या वहीत सगळ्यांच्या जागी एकच ओळ आहे: 'पारंपरिक पूजासाहित्य संच'. पुढे एक पितळी घंगाळ दिसेनासे झाले. एका विधवा बाईंनी ते नवऱ्याच्या स्मरणार्थ दिले होते. नवऱ्याचे नाव त्यावर ठोकून घेतले होते. त्या विचारण्यास गेल्या, तेव्हा वही उघडून दाखविण्यात आली. 'संच' जागेवर होता! संचातून काय गेले, हे वहीला सांगता येईना. कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, 'घंगाळ' हा शब्द वहीत असता तर त्या बाईंना रिकाम्या हाताने परत यावे लागले नसते.

राखोलीच्या घरी चावी अखेर सापडली. ती नातीच्याच हाती होती. कपाट उघडले, समई बाहेर आली. तिच्या बैठकीवर आजींच्या सासूबाईंचे नाव ठोकलेले होते. अक्षरे झिजली असली तरी बोट फिरविताच लागत होती. धुपाचे खोकेही उघडले. धूप चांगला होता. त्याला 'धूप' म्हटले असते तरी भागले असते.

आमच्या वाचकांपैकी जे देवस्थानांच्या समित्यांवर आहेत, त्यांना एक विनंती आहे. पुढील वार्षिक सभेपूर्वी भांड्यांची नोंदवही एकदा काढावी, कोठीची चावी मागून घ्यावी, आणि जे भांडे हाती येईल त्याचे नाव, वजन आणि त्यावर ठोकलेले नाव जसेच्या तसे लिहावे. शब्द मराठी निघो, कोंकणी निघो की पोर्तुगीज निघो. भांडे ओळखता आले म्हणजे झाले.