ओसरणे

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद. त्या दिवसांत कोल्हापूरकर एकाच क्रियापदाची वाट पाहत होते : ओसरणे. गल्लीत लोक ‘पाणी उतराय लागलंय’ म्हणतात. वर्तमानपत्र ‘ओसरू लागले’ लिहिते. ‘कमी झाले’ म्हटले तरी आकडा कळला असता. पण ‘कमी होणे’ला मागची गोष्ट नसते. साखरही कमी होते, पगारही. ओसरते ते फक्त आधी मर्यादा सोडून चढलेले.

म्हणून तर विहीर आटते, ओसरत नाही. आणि पूर ओसरतो, आटत नाही. आटण्यात असलेले संपते. ओसरण्यात मात्र पाणी पात्राबाहेर आलेले असते आणि परत पात्रात जाते. ‘थांबणे’ एका क्षणात होते, ओसरायला वेळ लागतो. त्यामुळे या क्रियापदाला ‘लागणे’ आणि ‘चालणे’ यांची सोबत फार मानवते : ओसरू लागला, ओसरत चालला. इंचाइंचाने उतरणारी पातळी त्या जोडक्रियापदातच ऐकू येते.

दुसरी गंमत व्याकरणाची. हे क्रियापद अकर्मक आहे. पाणी आपण अडवतो, सोडतो, उपसतो. ओसरवत मात्र नाही. तसे प्रयोजक रूप बनवता येईल, पण बोलताना ते कुणाच्या तोंडी येत नाही. इथे माणसाच्या हाती काही नसते, हे भाषेने बिनबोभाट मान्य केले आहे. ‘दुःखाचा भर ओसरला’ हा प्रयोग मला त्याचमुळे खरा वाटतो. ‘दुःख विसरला’ म्हटले की त्या माणसावर उगीच ठपका येतो. ‘भर ओसरला’ म्हटल्यावर दुःख आहे तिथेच राहते, फक्त काठाच्या आत येते.

ताप मात्र बहुधा उतरतो. राग बहुधा निवळतो, कारण तो गढूळ असतो. गर्दी, सूज, लाट, पावसाचा जोर ही सगळी ओसरण्याच्या गोतातली. उत्साह आणि बहर ओसरतात तेव्हा हेच क्रियापद दिलासा द्यायचे सोडून हुरहुर लावते. शब्द तोच, काय चढले होते, यावर त्याचा रंग ठरतो.

‘साथ ओसरली’ असे सरकारी पत्रकात वाचले की मी थोडा सावध होतो. तिथे हा शब्द ‘संपली’च्या जागी वापरलेला असतो, पण संपल्याचे हा शब्द कबूल करत नाही. पुराचे पाणी ओसरल्यावर घरात गाळ असतो, भिंतींना ओल असते, भिजलेले धान्य कुजत असते. पंचनामा त्यानंतरच सुरू होतो. तेव्हा बातमीदारांना एकच विनंती : ‘पूर ओसरला’ हे बातमीचे शेवटचे वाक्य करू नका, पहिले करा.